पायांची आग, पालकाचा रस आणि जर्मनीहून आलेल्या गोळ्या

वाचकाच्या पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या भगिनी ६१ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका असून पूर्ण शाकाहारी आहेत. त्यांना १३ वर्षांपासून मधुमेह आहे आणि त्यासाठी मेटफॉर्मिन व आणखी एक गोळी चालू आहे. दीड वर्षापासून रात्री तळपायांची आग होते आणि मुंग्या येतात. डॉक्टरांनी नसांच्या वेदनेसाठी दिलेल्या प्रीगॅबलिन या औषधाने दिवसभर गुंगी राहत असे. जर्मनीत नोकरीला असलेल्या मुलाने तिथल्या औषधाच्या दुकानातून अल्फा लिपोइक ॲसिडच्या ६०० मिलिग्रॅमच्या गोळ्या पाठवल्या; तिथे औषधाच्या दुकानात मिळते म्हणजे ते सिद्ध झालेलेच, असे त्याचे म्हणणे. चार महिने त्या घेतल्यावर आग बरीच कमी झाली, म्हणून त्यांनी प्रीगॅबलिन स्वतःच बंद केले. नणंदेचे म्हणणे असे की हे द्रव्य पालकातच असते, मग परदेशी गोळ्या कशाला. म्हणून रोज सकाळी पेलाभर कच्च्या पालकाचा रसही सुरू आहे. त्यांचे प्रश्न तीन आहेत : हे द्रव्य आहारातून पुरेसे मिळवता येईल का? गोळी कायम घेतली तर चालेल का? आणि अँटिऑक्सिडंटच (पेशींची झीज रोखणारे मानले जाणारे द्रव्य) असल्यामुळे त्याचा अपाय तर होणार नाही ना?

ताई,

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देणारच आहे; पण ‘आग बरीच कमी झाली आहे’ हे जे वाक्य तुम्ही समाधानाने लिहिले आहे, त्याविषयी आधी बोलायला हवे. आग कमी होणे म्हणजे नस बरी होणे, असे तुम्ही गृहीत धरले आहे. ते खरे असू शकते, आणि खरे असावे अशीच माझी इच्छा आहे. परंतु मधुमेहात याचा अगदी उलटा अर्थही संभवतो. वाढलेल्या साखरेचा मारा शरीरातील सर्वांत लांब नसांच्या टोकांवर आधी होतो आणि म्हणून त्रासाची सुरुवात पायांच्या बोटांपासून होते. इजा झालेले बारीक तंतू जोवर जिवंत असतात तोवर ते आग, टोचणी, मुंग्या असे चुकीचे संदेश पाठवत राहतात. तेच तंतू पुरते निकामी झाले की संदेश थांबतात आणि रुग्णाला आराम पडल्यासारखे वाटते. वेदना गेल्या आणि त्यांच्याबरोबर संवेदनाही गेली, अशी ही अवस्था असते, आणि पायाला जखम होऊनही न कळण्याचा धोका याच अवस्थेत सर्वाधिक असतो.

तुमच्या बाबतीत नेमके काय घडले आहे हे पत्रावरून सांगता येणार नाही, पण तपासून पाहणे सोपे आहे. डॉक्टर नायलॉनचा एक तंतू तळपायावर ठरावीक जागी टेकवतात. तो १० ग्रॅम दाबाला वाकतो, आणि तो स्पर्श तुम्हाला डोळे मिटून कळतो की नाही हे पाहतात. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर टेकवून थरथर जाणवते का हेही पाहिले जाते. या सगळ्याला काही मिनिटे लागतात. ज्यांना प्रौढ वयात मधुमेह झाला आहे, त्या प्रत्येकाची ही तपासणी निदान झाल्यापासून दर वर्षी एकदा व्हायला हवी. प्रत्यक्षात साखरेचा आकडा पाहून पुढच्या तारखेची चिठ्ठी मिळते आणि पाय चपलेतच राहतात, याचे मला फार वाईट वाटते. घरच्या घरीही काही खुणा लक्षात येतात : चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, अंघोळीचे पाणी हाताला चटका देते पण पायाला कोमट लागते, काळोखात चालताना तोल जातो. यातले काही जाणवत असेल तर तपासणी पुढच्या महिन्यावर टाकू नका.

प्रीगॅबलिन तुम्ही एकदम सोडले, ते तसे सोडायचे औषध नाही. निदान आठवडाभर तरी मात्रा हळूहळू उतरवत ते बंद करावे लागते, नाही तर झोप उडणे, मळमळ, घाम, अस्वस्थता असे त्रास होऊ शकतात. तुमच्या गुंगीची तक्रार मात्र पूर्णपणे रास्त आहे आणि ती डॉक्टरांना सांगण्यात संकोच वाटायला नको. हे औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंडांचे काम मंदावले असेल तर नेहमीची मात्राही जास्त होते. म्हणून क्रिएटिनिनची तपासणी करून मात्रा बदलता येते. शिवाय ड्युलॉक्सेटिनसारखी निराळ्या गटातली औषधे आहेत, त्वचेवर लावण्याची मलमेही आहेत. एक गोळी सोसली नाही म्हणजे डॉक्टरांचे सगळे उपाय संपले, असे होत नाही.

आता मुलाने पाठवलेल्या गोळीकडे येऊ. अल्फा लिपोइक ॲसिड हे गंधक असलेले एक लहानसे द्रव्य आहे. ते जीवनसत्त्व नाही, कारण आपल्या पेशी ते स्वतःच तयार करतात. पेशींमधील मायटोकॉन्ड्रियांत अन्नापासून ऊर्जा काढणारी जी विकरे (एन्झाइम) असतात, त्यांतील काहींना ते घट्ट जोडलेले असते आणि त्याच्याशिवाय ती विकरे चालत नाहीत. निरोगी माणसाला आहारातून हे द्रव्य कमी पडले म्हणून एखादा आजार झाला, असे आढळत नाही. तेव्हा ‘शरीरात याची कमतरता आहे, ती भरून काढली पाहिजे’ हा विचार येथे लागू होत नाही. गोळी कमतरता भरून काढण्यासाठी नसते. नैसर्गिक प्रमाणाच्या कित्येक पट मात्रा औषधासारखी वापरून पाहण्याचा तो प्रयत्न असतो.

नणंदबाईंचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. पालकात हे द्रव्य खरोखरच असते, आणि भाज्यांमध्ये पालकाचा क्रमांक वरचा आहे. त्याखालोखाल ब्रोकोली आणि टोमॅटो येतात. प्राण्यांच्या मूत्रपिंडात, हृदयात आणि यकृतात ते असते, पण तुम्ही शाकाहारी असल्याने तो विषय सोडून देऊ. अडचण आहे ती प्रमाणाची. वाळवलेल्या पालकाच्या एका ग्रॅममध्ये हे द्रव्य सुमारे ३ मायक्रोग्रॅम सापडते, आणि ताज्या पालकात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. हिशेब केला तर तुमच्या एका गोळीतील ६०० मिलिग्रॅमसाठी साधारण दोन टन ताजा पालक लागेल. १९५१ साली लेस्टर रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हे द्रव्य प्रथम शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले, तेव्हा त्यांना सुमारे दहा टन यकृताच्या अवशेषांतून जेमतेम ३० मिलिग्रॅम हाती लागले होते. शिवाय अन्नातील हे द्रव्य प्रथिनांशी बांधलेले असते आणि गोळीतले मोकळे असते, त्यामुळे भाजी खाल्ल्यावर रक्तातील त्याची पातळी लक्षात येण्याइतकी वाढत नाही. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे : गोळीतील मात्रा कोणत्याही आहारातून मिळवता येत नाही. पालकाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. त्यातील फोलेट, मॅग्नेशियम आणि तंतू यांसाठी तो खावा.

मात्र पेलाभर कच्चा रस रोज घेण्याबद्दल मला काळजी वाटते. पालकात मूतखड्याला कारण ठरणारे ऑक्झलेट भरपूर असते. ज्यांना मूतखडा झालेला आहे किंवा ज्यांच्या मूत्रपिंडांवर मधुमेहाचा परिणाम झाला आहे, त्यांना असा एकवटलेला रस अपायकारक ठरू शकतो, आणि दुबळ्या मूत्रपिंडांना पोटॅशियम नीट बाहेर टाकता येत नाही, तो प्रश्न वेगळाच. तेरा वर्षांच्या मधुमेहानंतर मूत्रपिंडांची स्थिती माहीत असल्याशिवाय असा रस रोज घेऊ नये. त्यापेक्षा आपली शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ घातलेली, ताकातली पालकाची पातळ भाजी आठवड्यातून दोन-तीनदा जेवणात असू द्या. पालक उकडून पाणी काढून टाकले तर ऑक्झलेटही बरेच कमी होते. इतर दिवशी मेथी, शेपू, चाकवत, दुधी, दोडका असे पालटून खाणेच चांगले. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्या वाचकांनी पालेभाज्या बंद करू नयेत, पण रोजचे प्रमाण एकसारखे ठेवावे, कारण त्यांतील के जीवनसत्त्वाचा त्या औषधाच्या परिणामाशी थेट संबंध आहे.

‘जर्मनीत हे औषधाच्या दुकानात मिळते, म्हणजे ते सिद्ध झालेलेच असणार’ हा मुलाचा तर्क मला समजतो. जर्मनीत मधुमेहातील नसांच्या त्रासासाठी हे द्रव्य कित्येक दशके औषध म्हणून वापरात आहे, हे खरेच आहे. त्याचा पाठपुरावा करणारे अभ्यासही झाले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रशिया आणि इस्रायलमधील १८१ रुग्णांना पाच आठवडे ही गोळी किंवा तशीच दिसणारी औषधविरहित गोळी देण्यात आली. ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांची आग, टोचणी, बधिरपणा ही लक्षणे जवळजवळ निम्म्याने उतरली. १२०० आणि १८०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांना याहून अधिक फायदा झाला नाही, मळमळ मात्र वाढली. परंतु याच चाचणीतली दुसरी बाजूही पाहायला हवी : औषधविरहित गोळी घेणाऱ्यांची लक्षणेही सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली होती. नसांच्या दुखण्यात असे चढउतार होतच असतात. बरे वाटेल या अपेक्षेनेही बरे वाटते, आणि ते बरे वाटणे खोटे नसते. फक्त त्याचे सगळे श्रेय गोळीला देता येत नाही.

पाच आठवड्यांच्या पुढे काय होते, हा तुमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४६० रुग्णांना चार वर्षे ही गोळी किंवा औषधविरहित गोळी दिली गेली. काही उपतपासण्यांत थोडी सुधारणा दिसली, पण जो मुख्य निकष आधीपासून ठरवला होता त्यात गोळी आणि औषधविरहित गोळी यांच्यात ठाम फरक आढळला नाही. निरनिराळ्या चाचण्या एकत्र तपासून निष्कर्ष काढणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२४ साली निदान सहा महिने चाललेल्या अभ्यासांचा आढावा घेतला, आणि सहा महिन्यांनंतर लक्षणांवर या द्रव्याचा परिणाम बहुधा अगदी थोडा किंवा शून्य असतो, असे म्हटले. हे सगळे एकत्र ठेवले की मला असे दिसते की काही रुग्णांना काही आठवडे लक्षणांत आराम मिळू शकतो. पण नसांची झीज ही गोळी रोखून धरते, असे म्हणण्यास आधार नाही. म्हणून ‘कायम घेतली तर चालेल का’ यापेक्षा ‘कायम घेण्याचे कारण काय’ हा प्रश्न आधी विचारावा, असे मी सुचवीन.

तिसऱ्या प्रश्नामागे जी समजूत आहे ती आपल्याकडे घरोघरी आढळते : अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगले, आणि चांगले असेल तर जास्त घेतलेले अधिकच चांगले. या समजुतीला वैद्यकशास्त्रात फार मोठा धक्का १९९४ साली बसला. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना वर्षानुवर्षे बीटा कॅरोटिन, ई जीवनसत्त्व, दोन्ही किंवा औषधविरहित गोळी देण्यात आली होती. फळेभाज्या भरपूर खाणाऱ्यांना कर्करोग कमी होतो, तेव्हा त्यातले द्रव्य गोळीतून दिले तर संरक्षण मिळेल, अशी आशा होती. झाले उलटेच. बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक निघाले. अमेरिकेतील अशाच एका चाचणीत असाच परिणाम दिसल्यामुळे ती १९९६ च्या जानेवारीत मुदतीपूर्वी थांबवावी लागली. हे निष्कर्ष लिपोइक ॲसिडचे नाहीत आणि तुम्ही त्यामुळे घाबरून जावे असे मुळीच नाही. भाजीत असताना हितकारक असलेले द्रव्य एकट्याने, मोठ्या मात्रेत दिले की त्याची वागणूक बदलू शकते, एवढेच मला त्यावरून सांगायचे आहे.

लिपोइक ॲसिडचे स्वतःचे धोके थोडे आहेत, पण त्यांतला एक मधुमेही व्यक्तीने ओळखून असावा असा आहे. काही लोकांच्या शरीरात, विशिष्ट जनुकीय ठेवण असल्यास, हे द्रव्य घेतल्यावर इन्शुलिनविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार होतात आणि रक्तातील साखर अचानक फार खाली उतरते. असे रुग्ण प्रथम मोठ्या संख्येने जपानमध्ये आढळले, नंतर युरोपातही. २०२१ साली युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या धोक्याची अधिकृतपणे नोंद घेतली. असे क्वचितच घडते. पण तुमच्यासारख्या, साखर उतरवणाऱ्या गोळ्या आधीच चालू असलेल्या व्यक्तीला मध्यरात्री किंवा जेवणानंतर काही तासांनी दरदरून घाम फुटला, हातपाय कापू लागले, काही सुचेनासे झाले, तर ते ‘वयोमानामुळे’ म्हणून सोडू नये. त्या क्षणी साखर मोजावी, साखरपाणी घ्यावे, आणि डॉक्टरांना भेटताना या गोळीचा उल्लेख आवर्जून करावा. मळमळ, पोटात जळजळ, अंगावर पुरळ हे नेहमीचे, त्या मानाने किरकोळ त्रास आहेत. रोज बरेच मद्य घेणाऱ्या किंवा कुपोषित व्यक्तीने, म्हणजे ज्यांच्यात बी-१ जीवनसत्त्व कमी असण्याची शक्यता आहे त्यांनी, ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

तुमच्या पत्रात एका तपासणीचा उल्लेख मी शोधत होते आणि तो कुठेच सापडला नाही : बी-१२ जीवनसत्त्व. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतल्याने या जीवनसत्त्वाचे शोषण कमी होते; ते वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही, आणि शाकाहारी माणसाला दूध, दही, ताक, पनीर एवढाच आधार असतो. तुमच्या बाबतीत दोन्ही कारणे एकत्र आली आहेत. बी-१२ कमी झाल्यावर पायांना मुंग्या येणे, बधिरपणा, तोल जाणे ही लक्षणे मधुमेहाच्या त्रासासारखीच दिसतात, आणि फार काळ दुर्लक्ष झाले तर होणारे नुकसान भरून येत नाही. त्याची भरपाई मात्र इंजेक्शनने किंवा गोळ्यांनी सहज होते आणि तिला खर्चही फारसा येत नाही. फक्त एक लक्षात ठेवा : बी-१२ असलेली कोणतीही गोळी चालू असेल तर रक्त देण्यापूर्वी ते डॉक्टरांना सांगा, कारण त्याने अहवालातील आकडा वाढलेला दिसू शकतो.

तेव्हा पुढे काय करावे? येत्या आठवड्यात डॉक्टरांकडे जा, मुलाने पाठवलेली बाटली बरोबर न्या आणि प्रीगॅबलिन स्वतःहून बंद केल्याचे मोकळेपणाने सांगा. तीन महिन्यांची सरासरी साखर, क्रिएटिनिन, बी-१२ आणि थायरॉइड यांच्या तपासण्यांबद्दल विचारा आणि पायांची तपासणी तुम्ही होऊन मागून घ्या. स्पर्श आणि थरथर नीट कळत असतील, म्हणजे आराम खरा असेल, तर दोन वाटा आहेत. डॉक्टरांच्या संमतीने गोळी काही आठवडे थांबवून पाहता येईल. आग परत आली नाही तर तिची गरज उरलेली नाही, आणि आली तर पुन्हा सुरू करता येईल. किंवा ठरावीक मुदतीपुरती चालू ठेवता येईल. मग ती रिकाम्या पोटी, न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यावी, कारण अन्नाबरोबर तिचे शोषण कमी होते. मला स्वतःला पहिली वाट अधिक पटते, कारण चार महिने होऊन गेले आहेत आणि दीर्घ मुदतीचा पुरावा दुबळा आहे. पण संवेदना कमी झालेली आढळली, तर गोळीची चर्चा बाजूला ठेवून साखर, रक्तदाब, पायांची निगा आणि योग्य पादत्राणे यांकडे सगळे लक्ष द्यावे लागेल. घरातही अनवाणी चालणे तेव्हापासून बंद.

तुमच्यासारखाच त्रास असलेल्या इतर वाचकांसाठी थोडे लिहिते. आपल्याकडे ‘नसांची गोळी’ म्हणून जी मिळते, तिच्यात बहुधा मिथाइलकोबालामिन (बी-१२ चाच एक प्रकार), फॉलिक ॲसिड, बी-६ आणि लिपोइक ॲसिड असे मिश्रण असते, आणि लिपोइक ॲसिड सहसा १०० मिलिग्रॅम. चाचण्यांतील मात्रा याच्या निदान सहापट होती, म्हणून त्या चाचण्यांचा दाखला या मिश्रणाला लावता येत नाही. अशा गोळीने बरे वाटले तर ते त्यातील बी-१२ मुळेही असू शकते. वेष्टनावर बी-६ म्हणजे पायरिडॉक्सिन किती आहे ते जरूर वाचा. हे जीवनसत्त्व दीर्घकाळ जास्त घेतले तर त्यानेच नसांना इजा होते आणि पायांना मुंग्या येतात. २०२३ साली युरोपात प्रौढांसाठी त्याची वरची मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅम ठरवण्यात आली. दोन-तीन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या एकाच वेळी चालू असतील, तर हे प्रमाण नकळत त्यापुढे जाते. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे भारतीय नियमांनुसार बंधनकारक आहे. ओळखीतल्या कोणी असा डबा मधुमेहावरचा इलाज म्हणून आणून दिला, तर ती ओळ त्यांना दाखवा. आणि नातवंडे असलेल्या घरात या गोळ्या कुलपात ठेवा, कारण लहान मुलाने त्या चुकून गिळल्या तर झटके येण्यापर्यंत प्रकृती बिघडू शकते.